कृपादान, सिद्धी आणि रहस्यकथेचा वाचक

शेणव्यासारख्या गावी भगत अंगणात सूप पुढे घेऊन बसतो, मूठभर तांदूळ त्यात टाकून बोटाने दोन-दोन दाणे बाजूला सारीत जातो आणि शेवटी एक उरला की दोन, यावरून घरात शिरलेल्या पीडेचे मूळ सांगू लागतो, तेव्हा भोवती बसलेल्या माणसांचे लक्ष दाण्यांवर असते त्याहून अधिक त्याच्या चर्येवर असते. हे सामर्थ्य खरे की खोटे, असा प्रश्न तेथे कोणी काढीत नाही. परंतु घरी परतताना पायवाटेवर जे बोलणे चालते ते निराळे असते: याने मागितले किती, गेल्या खेपेस कोणा गरिबाचा कोंबडा उगाच कापायला लावला काय, आणि आपल्याला लाभले आहे ते हा देवाचे म्हणतो की स्वतःचे? शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांतून कानी पडणारे हे बोलणे मला साहित्यविचाराच्या दृष्टीने फार मोलाचे वाटते. कारण अलौकिक शक्तीवर उभारलेली रहस्यकथा कशी वाचावी याचा एक भक्कम निकष त्यात आहे.

अशी कथा कशी वाचावी, हा प्रश्न ख्रिस्ती रहस्यकादंबरीच्या वाचकांनी जितक्या कळकळीने लढविला आहे तितका क्वचितच कोणी लढविला असेल. चेस्टरटनने 1910 साली फादर ब्राऊन हा पाद्री निर्माण केला, तेव्हा त्याच्या अंगी चमत्काराचा लवलेशही ठेवला नाही. त्याचे सारे बळ विवेकात आणि कबुलीजबाब ऐकून झालेल्या मनुष्यस्वभावाच्या ओळखीत होते. पुढे अमेरिकेत वारे पालटले. फ्रँक पेरेट्टीच्या 1986 सालच्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’ या कादंबरीत एका लहानशा गावावर देवदूत आणि दुरात्मे यांचे युद्ध पेटते व भाविकांच्या प्रार्थनेने देवदूतांना बळ चढते. टेड डेकरच्या ‘ब्लिंक’मध्ये तर एका बुद्धिमान तरुणाला भविष्याच्या अनेक वाटा एकाच वेळी दिसू लागतात. अशा कादंबऱ्या कोणी करमणूक म्हणून वाचतो, कोणी शास्त्रवचनाशी ताडून पाहतो आणि कोणी त्यांनाच प्रार्थनेचे हस्तपुस्तक मानून बसतो. हा तिसरा वाचक मला सर्वांत चिंताजनक वाटतो. लेखकाच्या कल्पनेला तो धर्माच्या सनदेचा दर्जा देतो, आणि ती देण्याचा अधिकार ना लेखकाचा असतो ना वाचकाचा.

वस्तुतः बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात नऊ दानांची यादी आहे: ज्ञानाचे वचन, रोग बरे करणे, संदेश देणे, आत्मे ओळखणे इत्यादी. मराठी बायबलने त्यांना ‘कृपादान’ हा फार सुंदर शब्द योजिला आहे. दान मिळते ते एकाला, पण असते सर्वांच्या हितासाठी. म्हणजे ते इनाम नसून अमानत आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागतो. बायबलमधीलच ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातला शिमोन जादूगार हे सामर्थ्य रोकड मोजून विकत घेऊ पाहतो व धिक्कारला जातो. त्याच ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायातील फिलिप्पैची दासी मात्र मला अधिक अस्वस्थ करते. तिच्या भविष्यकथनावर तिचे धनी पैसा मिळवीत होते. पौलाविषयी ती जे ओरडून सांगत होती ते अक्षरशः खरे होते. तरीही पौलाने तिच्यातला आत्मा घालवून दिला. तात्पर्य, भाकीत खरे ठरले एवढ्यावर शक्ती पवित्र ठरत नाही, ही गोष्ट त्या कथेत इतक्या स्वच्छपणे मांडलेली असताना, भाकीत खरे ठरण्याच्या थरारावरच शेकडो पाने खर्ची घालणारे कादंबरीकार तिच्याकडे पाठ का फिरवितात?

आपल्याकडे शब्दांची श्रीमंती अधिक आहे. तपाने मिळते ती सिद्धी, प्रसन्न होऊन देव देतो तो वर, आणि न मागता अंगावर उतरते ते वारे. वाघावर स्वार होऊन आलेल्या चांगदेवाला सामोरी गेलेली ज्ञानदेवांची निर्जीव भिंत मराठी वाचकाने लहानपणीच ऐकलेली असते, आणि सिद्धी ही साधकाच्या वाटेतील अडसर आहे हे योगशास्त्राचे मत न वाचताही त्याला ठाऊक असते. नारायण धारप (1925–2008) यांच्या ‘समर्थ’ कथांना जो दीर्घकाळ वाचक लाभला, त्याचे मर्म माझ्या मते येथेच आहे. या कथांचे नायक समर्थ यांचे सामर्थ्य संकटात सापडलेल्याच्या हाकेला बांधलेले आहे, म्हणून वाचक निर्धास्त होऊन भितो. रत्नाकर मतकरींच्या गूढकथांत हा आधार काढून घेतलेला आहे. तेथे भय माणसाच्या मनातूनच उगवते आणि ते कलेच्या दृष्टीने अधिक धीट आहे. या दोघांनंतरच्या पुष्कळ भयकथांत मात्र शक्ती हे निव्वळ हत्यार होऊन बसले आहे. ती कोणाची, कशाच्या मोबदल्यात, हे विचारण्याची उसंत कथानकच देत नाही.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची परंपरा थोर आहे. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 चे, बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ 1857 ची, त्यानंतर रेव्हरंड टिळक आणि लक्ष्मीबाई. तरीही या परंपरेतून रहस्यकादंबरीचा प्रवाह निघाला नाही. ‘यमुनापर्यटन’चा विषय असलेले विधवांचे हाल डोळ्यांसमोर असताना पदमनजींना कल्पित भयाची गरज भासली नसावी. शिवाय आपला चमत्कार भगताच्या सुपाशेजारी मांडला जाईल, ही धास्ती धर्मांतरितांच्या लहानशा समाजाला असणे स्वाभाविक होते.

अशा कथा अंधश्रद्धेला खतपाणी घालतात, ही तक्रार मी हलकी मानीत नाही. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो या भूमीतल्या खऱ्या यातनांमुळे झाला. पण त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार करून पैसा कमावणे आणि लोकांना फसविणे व दहशत घालणे यांवर बोट ठेवलेले आहे. शेणव्याच्या पायवाटेवरचा माणूस हेच विचारीत होता.

फिलिप्पैच्या त्या दासीचे पुढे काय झाले, हे ग्रंथात नाही. मिळकत बुडाल्यावर धन्यांनी पौलाला चौकात ओढीत नेले, फटके मारविले, तुरुंगात टाकविले; मुलीचा उल्लेख तेथेच संपतो. काल जिच्या शब्दाला मोल होते, आज जिच्यापाशी सांगण्यासारखे काही उरलेले नाही, ती संध्याकाळी कोणाच्या दाराशी गेली असेल? पौषातल्या म्हशाच्या जत्रेत, गुरांच्या बाजाराच्या कडेला भविष्य सांगत बसलेल्या एखाद्या पोरीवरून अशी कादंबरी मराठीत लिहिता येईल, आणि ती कोणी लिहावी म्हणून मी फार दिवस वाट पाहतो आहे.