आहार-संशोधनातील स्त्री : माता की व्यक्ती?

वडोदरा शहराच्या दक्षिणेस असलेल्या मकरपुऱ्याची ओळख दोन गोष्टींनी होते. एक, गायकवाडांचा राजवाडा, जेथे आता वायुदलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. आणि दुसरी, जीआयडीसीची औद्योगिक वसाहत. अशा वसाहतींतील छोट्या कारखान्यांत पॅकिंग, निवड, जोडणी ही कामे करणाऱ्या मुली व स्त्रिया असतात. दहावी-बारावीला शिक्षण सुटलेली, अद्याप लग्न न झालेली मुलगी किंवा शेवटचे बाळंतपण होऊन पंधरा-वीस वर्षे लोटलेली बाई सकाळी घरचे आवरून, डबा भरून कामावर जाते. ती विद्यार्थिनी नाही आणि गरोदरही नाही. अशा स्त्रीच्या आहाराबद्दल आपले संशोधन काय सांगते, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

हा प्रश्न वडोदऱ्यातून विचारण्यास विशेष कारण आहे. येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा अन्न व पोषण विभाग हा देशातील या विषयाच्या नामवंत विभागांपैकी एक होय. या विभागातील शुभदा कनानी व त्यांच्या सहकारी संशोधिकेने वडोदऱ्यातील झोपडपट्टीत राहणाऱ्या १० ते १८ वर्षे वयाच्या मुलींवर केलेला अभ्यास २००० साली 'जर्नल ऑफ न्यूट्रिशन'मध्ये प्रसिद्ध झाला. तीन महिने लोह व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्यावर या मुलींचे हिमोग्लोबिन दर लिटरमागे सरासरी १७.३ ग्रॅमने व वजन ०.८३ किलोने वाढले. गोळ्या न मिळालेल्या मुलींत तशी वाढ दिसली नाही. या अभ्यासाचे मोठेपण केवळ आकड्यांत नाही. गोळीचा लाभ येथे मुलीच्याच शरीरावर मोजला गेला. तिच्या भावी बाळाच्या वजनावर तो मोजलेला नाही.

पुढे वडोदरा जिल्ह्यातील शाळांतून किशोरींना आठवड्याला एक गोळी देण्याचा कार्यक्रम राबविण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालानुसार रक्तक्षयाचे प्रमाण ७४.७ टक्क्यांवरून ५३.२ टक्क्यांवर आले. हे यश मान्य करूनही दोन गोष्टी नोंदवाव्या लागतात. पहिली, कार्यक्रमानंतरही निम्म्याहून अधिक मुली रक्तक्षयग्रस्त राहिल्या. म्हणजे प्रश्न एकट्या गोळीने सुटणारा नव्हता. दुसरी, कार्यक्रमाचे दार शाळेचे होते. शाळा सुटली की ते दार बंद होते.

यानंतर स्त्री संशोधनाला पुन्हा भेटते ती बहुधा गरोदरपणी. पुण्याजवळील सहा खेड्यांत चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेला मातृपोषणाचा अभ्यास जगभर नावाजला गेला. हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध खाणाऱ्या मातांची बाळे जन्मतः अधिक वाढलेली असतात, हे त्यातून २००१ मध्ये पुढे आले. याच अभ्यासावरील २००८ च्या लेखात असे दिसले की, सुमारे दोन-तृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होते. परंतु या लेखाचा मुख्य निष्कर्ष आहे तो सहा वर्षांच्या मुलांच्या शरीरातील चरबी व इन्सुलिन-प्रतिरोध यांविषयी. उणीव आईच्या रक्तात आणि परिणाम मुलात, अशी ही मांडणी आहे. शास्त्रदृष्ट्या तिचे मोल मोठे आहे. मात्र त्या दोन-तृतीयांश स्त्रियांचे स्वतःचे काय, त्यांचा थकवा, हातापायांच्या मुंग्या, त्यांची कामाची ताकद यांचे काय, हा प्रश्न वाचकाच्या मनात उरतो.

हा दोष एका अभ्यासाचा नसून दृष्टीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीने स्त्रियांचा रक्तक्षय मोजला तो १५ ते ४९ या, म्हणजे प्रजननाच्या, वयोगटात. पाचव्या पाहणीत (२०१९-२१) या वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. गुजरातमध्ये हे प्रमाण ६५ टक्के, तर महाराष्ट्रात ५४.२ टक्के होते. त्याच पाहणीत पुरुषांचे प्रमाण २५ टक्के होते. पन्नाशी गाठलेली स्त्री मात्र या आकड्यांतून नाहीशी होते. शिवाय बोटातून घेतलेला रक्ताचा थेंब रक्तक्षय आहे एवढेच सांगतो. तो लोहाच्या कमतरतेने, बी-१२ च्या अभावाने की अतिरक्तस्रावाने, हे सांगत नाही. २०१६-१८ मध्ये देशभर जी सर्वंकष पोषण पाहणी झाली, तिने रक्तातील सूक्ष्म पोषकद्रव्ये तपासली खरी. पण ती १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींपुरती होती.

आहार मोजण्याच्या पद्धतीतही हीच अडचण आहे. कुटुंबाचा आहार मोजताना बैठे काम करणाऱ्या पुरुषाला १ एकक धरतात आणि तशाच स्त्रीला ०.८. उष्मांकांपुरते हे ठीक आहे. लोहाच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढ पुरुषाला दररोज १९ मिलिग्रॅम लोह हवे, तर प्रौढ स्त्रीला २९. विशेष म्हणजे गरोदर स्त्रीसाठी हीच शिफारस २७ मिलिग्रॅमची आहे. म्हणजे लोहाची गरज गरोदरपणापुरती नाही. दर महिन्याच्या पाळीमुळे ती एरवीही तेवढीच, किंबहुना थोडी अधिकच आहे. आणि कुटुंबाची सरासरी काढली की, सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले कोण खाते, हे कागदावर दिसत नाही.

औषधांच्या संशोधनातही स्त्रीला वगळण्याचा इतिहास आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७७ मध्ये गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून दूर ठेवण्याचा दंडक घातला, तो १९९३ मध्ये मागे घेतला. तेथे गर्भाच्या काळजीपोटी स्त्री वगळली गेली. येथे गर्भाच्या काळजीपोटीच ती मोजली गेली. दोन्हीकडे ती स्वतः दुय्यमच राहिली.

वेगळा मार्ग होता, हे महाराष्ट्रानेच दाखविले आहे. गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी राणी बंग व सहकाऱ्यांनी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तिचे निष्कर्ष आले : ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि यापूर्वी तशी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. येथे गरोदरपणाची अट नव्हती. ज्यांची काहीही तक्रार नव्हती त्याही तपासल्या गेल्या, म्हणूनच अंगावर काढलेली दुखणी उजेडात आली. पुढे 'कानोसा' या पुस्तकात बंग यांनी आरोग्याविषयी स्त्रिया काय बोलतात, काय मानतात, हे मांडले.

भाषेचा हा मुद्दा अध्यापकांनी दुर्लक्षू नये. उर्दू बोलणारी बाई 'कमजोरी' म्हणते, मराठी बाई 'अशक्तपणा', गुजराती बाई 'नबळाई'. या शब्दांत रक्तक्षय असू शकतो, अपुरे जेवण असू शकते, रात्रपाळी असू शकते आणि न सांगितलेला अतिरक्तस्रावही असू शकतो. प्रश्नावलीने एका आकड्याचा रकाना ठेवला की, यांतले काय नेमके आहे हे निसटून जाते. उपवास आणि रोजे यांचेही तसेच. गरोदरपणातील रोज्यांवर अभ्यास झाले ते मुख्यतः बाळाच्या वाढीच्या अंगाने. एरवी घर, नोकरी व उपवास एकत्र सांभाळणाऱ्या स्त्रीला दिवसाअखेर काय खायला मिळते, हा प्रश्न मागेच राहतो.

कम्युनिटी कॉलेजच्या वर्गात बसणारी विद्यार्थिनी नेमकी याच रिकाम्या जागेत उभी आहे. शाळेची गोळी तिच्यामागे राहिली आहे आणि गरोदर मातांची नोंदवही अजून तिच्यापर्यंत आलेली नाही. तेव्हा आहारविषयक कोणताही अहवाल वर्गात वाचताना तीन प्रश्न अवश्य विचारावेत : यात कोणत्या वयाच्या व कोणत्या अवस्थेतील स्त्रिया मोजल्या? लाभ कोणाच्या शरीरावर मोजला? आणि स्त्रीचे स्वतःचे शब्द कोठे नोंदले? प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थिनींना दूर जाण्याची गरज नाही. आपल्याच घरातील आजी, आई व कामावर जाणारी बहीण यांनी कालच्या दिवसात काय, केव्हा आणि कोणानंतर खाल्ले, एवढे जरी त्यांनी प्रामाणिकपणे लिहून आणले, तरी मोठ्या पाहण्यांतून सुटलेल्या स्त्रीची नोंद करण्यास तेथून आरंभ होईल.