'म्हणे' या शब्दाचे वजन

न तपासलेली गोष्ट सांगण्याची सोय आपल्या भाषेत फार जुनी आणि नेमकी आहे. 'तो आला' आणि 'तो आला म्हणे' या वाक्यांत फरक एकाच शब्दाचा आहे. पहिल्यात बोलणारा साक्षीदार असतो, तर दुसऱ्यात तो केवळ निरोप्या असतो. 'आल्याचे कळते', 'आला असे म्हणतात', 'आल्याचे ऐकिवात आहे' या त्याच जिन्याच्या निरनिराळ्या पायऱ्या होत. गंमत अशी की, तुकोबांच्या अभंगात नाममुद्रेबरोबर येणारे 'म्हणे' नेमके उलटे काम करते. तेथे कवी बोलाची जबाबदारी स्वतःच्या नावावर घेतो. चावडीवरचे 'म्हणे' ती झटकून टाकते.

इंग्रजीने हे काम मुख्यतः क्रियापदांवर सोपवले आहे. 'अलेज' म्हणजे सिद्ध न झालेला, बहुधा दुष्कृत्याचा आरोप करणे. 'क्लेम'चे मूळ लॅटिनमधील ओरडण्याच्या धातूत आहे. कोणी हक्काने काही सांगतो, पण लिहिणारा त्याला जामीन राहत नाही. 'कंटेंड' म्हटले की समोर प्रतिपक्ष आलाच. 'असर्ट'मध्ये जोर असतो, पुरावा असेलच असे नाही. 'मेन्टेन' म्हणजे विरोध झाल्यावरही आपले म्हणणे न सोडणे. 'पर्पोर्ट' हे विशेषतः कागदाविषयी येते : दस्तऐवज स्वतःला जे म्हणवतो, ते तो असेलच असे नाही. कोशांत हे शब्द समानार्थी म्हणून शेजारी बसतात. परंतु वकील किंवा संपादक त्यांची अदलाबदल सहसा करीत नाही.

मराठीला हे भेद अपरिचित आहेत काय? मुळीच नाही. आरोप करणे, हक्क सांगणे, युक्तिवाद करणे, ठासून सांगणे, म्हणण्यावर ठाम राहणे, म्हणवून घेणे असे सारे शब्द घरचेच आहेत. दुखणे वेगळे आहे. अलीकडच्या वृत्तपत्री गद्यात या सर्वांच्या जागी एकटा 'दावा' येऊन बसला आहे. 'दावा' हा मुळात कचेरीतला शब्द. दावा लावायचा तर वादी हवा, प्रतिवादी हवा, आणि निकाल मागण्याची तयारी हवी. आता प्रयोगशाळेत सिद्ध झालेली गोष्टही 'दावा' आणि भोंदूचे औषधही 'दावा'. दोहोंना एकच क्रियापद लावल्याने पहिल्याची प्रतिष्ठा घटते आणि दुसऱ्याची वाढते. 'कथित'चेही तसेच. संस्कृतात त्याचा अर्थ केवळ 'सांगितलेले'; संशयाचा भार त्यावर नंतर चढला.

आम्हा सीमेवरच्या मराठी माणसांची अडचण आणखी एका पदराची आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा, सौंसर मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून घरात मराठी आणि कचेरीत हिंदी असा आमचा संसार आहे. हिंदीतले 'बताना' म्हणजे साधे सांगणे. मराठीतली 'बतावणी' म्हणजे खोटा आव. एकाच कुळातले हे दोन शब्द आमच्या अंगणात रोज समोरासमोर येतात. अशा ठिकाणी शब्दांची पारख बोथट होण्याऐवजी अधिक तीक्ष्ण व्हायला हवी.

ती पारख कोठे लागते, हे पाहायचे तर जाम नदीच्या काठी जावे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये गोटमार होते. नदीच्या मध्यभागी रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी दोन्ही काठांवरून दगड चालतात. त्यामागे पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांची प्रेमकथा सांगतात; कोणी भोसल्यांच्या सैनिकांच्या सरावाची गोष्ट सांगतात. जुन्या माणसांच्या तोंडी या कथांना 'म्हणे' चिकटलेले असे. छापील मजकुरात ते गळते आणि 'तीनशे वर्षांपूर्वी असे घडले' एवढेच उरते. हा केवळ शैलीचा प्रश्न नव्हे. या खेळात शेकडो माणसे जखमी झाली आहेत, काहींचे प्राणही गेले आहेत. कथेचे 'म्हणे' गेले की तिचा इतिहास होतो, इतिहासाची परंपरा होते, आणि परंपरेपुढे डोके फुटलेल्या पोराच्या आईचे म्हणणे कोणी ऐकत नाही. कथा अवश्य सांगावी. पण ती कथा आहे, हे सांगणारा शब्द खाऊ नये.

हाच नियम आपल्या घराण्यांच्या वृत्तांतांनाही लावला पाहिजे. अठराव्या शतकात देवगडचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आले, ही इतिहासाची नोंद आहे. 'आमचे मूळपुरुष त्यांच्याच फौजेबरोबर आले', हे मात्र प्रत्येक घराला वेगळे सिद्ध करावे लागेल. जेथे बंदोबस्ताचा कागद आहे तेथे 'नोंद आहे' म्हणावे. जेथे आजीची आठवण आहे तेथे 'आजी सांगत असे' म्हणावे. आजीच्या आठवणीचे मोल त्याने कमी होत नाही. उलट ती कोणाची आठवण, हे कळल्याने ती पुढच्या पिढीला तपासता येते, जपताही येते. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याचा इतिहास आता लिहिला जाईल. त्यात आपले स्थान मोठ्या आवाजाने ठरणार नाही. ते ठरेल आपण लावलेल्या क्रियापदांच्या प्रामाणिकपणावर.

याचा धडा आपल्याला दूर शोधावा लागत नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभावांचे क्षेत्र. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध करताना चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या होत्या, त्यांच्याकडून फिरून गोळा केल्या. पुढे पाठभेद झाले, तेव्हा कोणता पाठ कोणाचा, हेही पोथ्यांत नावानिशी नोंदले गेले. मराठी गद्याच्या आरंभीच 'हे कोण म्हणाले' हा प्रश्न असा उभा आहे. श्रद्धेच्या ग्रंथाने जी शिस्त पाळली, ती आपल्या स्मरणिकांनी, वृत्तांतांनी आणि बातम्यांनी पाळावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.