आगीचे बंब आणि संगणकाचे गणित

२०१५च्या जूनमध्ये केंद्र सरकारने स्मार्ट सिटी अभियान सुरू केले आणि ‘डेटा’ हा शब्द महापालिकांच्या कारभारात रुळला. शंभर शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. भिंतभर पडदे, त्यांवर चौक, सिग्नल, कचरागाड्या. यावर आपल्याकडे लिहिले गेले ते बहुतेक कौतुकाने, नाही तर पाळतीच्या भीतीने. ती भीती खोटी नाही; पण काय मोजायचे हे कोण ठरवते, हा त्याआधीचा प्रश्न मागेच राहतो. त्यासाठी अर्ध्या शतकामागचे न्यूयॉर्क मला आजही सर्वांत उपयोगी उदाहरण वाटते.

महापौर जॉन लिंडसे यांच्या काळात, १९६९ साली, रँड या संस्थेची न्यूयॉर्क शहरासाठी स्वतंत्र शाखा निघाली. रँड मूळची अमेरिकी हवाई दलासाठी संशोधन करणारी. शहराने तिला दिलेल्या कामांपैकी एक अग्निशमन दलाचे. आगी वाढत होत्या आणि तिजोरीला ओहोटी लागली होती, तेव्हा बंब कुठे ठेवायचे हे संगणकाने सांगावे, अशी अपेक्षा. गणिताला एक माप लागते. निवडले गेले ते प्रतिसादाच्या वेळेचे, म्हणजे केंद्रातून निघालेला बंब आगीपर्यंत किती मिनिटांत पोहोचतो याचे.

ही निवड समजण्यासारखी आहे, कारण वेळ घड्याळाने मोजता येते. किती बिऱ्हाडे उघड्यावर आली, एका रात्रीतली चौथी आग विझवणारे जवान किती थकले, हे घड्याळात येत नाही. खरी मेख मात्र पुढेच आहे. दक्षिण ब्राँक्ससारख्या भागात केंद्रे जवळजवळ होती, कारण आगीच जास्त होत्या. केवळ अंतराचा हिशेब केला तर ती जादा दिसतात. पण केंद्र जवळ आहे म्हणजे बंब जागेवर आहे असे नव्हे. तो दुसऱ्या आगीवर गेलेला असतो. १९७२पासून बंद होत गेलेल्या तुकड्यांपैकी कितीतरी अशाच गरीब, दाट वस्तीच्या भागांतल्या होत्या.

ब्राँक्सच्या सात जनगणना-विभागांनी १९७० ते १९८० या काळात आग आणि ओसाडी यांपायी आपल्या ९७ टक्क्यांहून अधिक इमारती गमावल्या. ज्यो फ्लड यांनी ‘द फायर्स’ (२०१०) या पुस्तकात ही हकीकत मांडली आहे. पुस्तक वाचावेच असे आहे, पण त्याचे उपशीर्षक संगणकाच्या सूत्राने शहर जाळले असे सुचवते, ते मला पटत नाही. घरमालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या चाळवजा इमारती आणि बँकांनी नाकारलेली कर्जे हीही त्या राखेत आहेत. सूत्र नसते तरी कपात झालीच असती. सूत्राने तिला निःपक्षपातीपणाचा दाखला दिला, हे अधिक गंभीर. नगरसेवकाच्या दारात जाऊन भांडता येते. आकडेमोडीशी रहिवाशाने भांडायचे कसे?

बॉस्टनने पुढे थोडे शहाणपण दाखवले. २०१२च्या सुमाराचे ‘स्ट्रीट बम्प’ हे ॲप मोटारीतल्या फोनला बसणाऱ्या धक्क्यांवरून खड्डे टिपत असे. साहजिकच ज्यांच्याकडे मोटार आणि स्मार्टफोन, त्यांच्याच गल्लीतले खड्डे आधी दिसणार. हे ओळखून शहराने ते प्रथम आपल्या रस्ता-निरीक्षकांच्या हाती दिले, कारण त्यांना सगळ्याच वस्त्यांत फिरावे लागते. आपल्याकडची तक्रारींची ॲपे वापरताना हा भेद कितीजण ध्यानात घेतात?

उलटे उदाहरण शोधायला मात्र परदेशी जायला नको. पुण्यात १९९३ साली स्थापन झालेल्या शेल्टर असोसिएट्सने पुणे-सांगलीच्या झोपडवस्त्यांत तिथल्याच लोकांना बरोबर घेऊन घर न् घर नोंदवले आणि त्याचे नकाशे केले. विकास आराखड्यावर अशी वस्ती म्हणजे बहुधा एकाच रंगाने भरलेला तुकडा. या नकाशांवर मात्र कोणत्या घरात शौचालय नाही आणि तिथून मलवाहिनी किती लांब आहे, हे दिसते. तंत्र इथेही संगणकाचेच. फरक इतकाच की शौचालय मोजायचे, हे बाहेर रांगेत उभे राहणाऱ्यांना विचारून ठरले होते.