भररस्त्यातील कला आणि आपली दृष्टी

मुंबईतील काळा घोडा कलामहोत्सव १९९९ साली सुरू झाला. जहांगीर कलादालनाची पायरी चढण्यास बिचकणारा माणूस तेथे भररस्त्यात शिल्पासमोर निःसंकोच उभा राहतो. हे या महोत्सवाचे मोठे श्रेय आम्ही मानतो. परंतु पुष्कळसे प्रेक्षक कलाकृतीकडे पाठ करून स्वतःचीच छबी टिपतात. कला लोकांपर्यंत पोहोचली, तरी ती पाहण्याचा संस्कार अजून रुजलेला नाही.

आपणही याला अपवाद नाही. गोव्याच्या आंजेलो द फोन्सेका यांनी पवित्र मरियेला साडीत रंगविले, तेव्हा ख्रिस्ती मंडळींनीच नाके मुरडली होती. धर्मग्रामाच्या सणाला चर्चच्या प्रांगणात गावच्या चित्रकारांना एक भिंत जरूर द्यावी. मात्र तिच्यासमोर क्षणभर थांबण्याची सवय मुलांआधी आपल्याला लागावयास हवी.