‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ : शोषणाच्या चित्रणातील एक उणीव

जॉन स्टाइनबेक यांच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ (१९३९) या कादंबरीतील जोड कुटुंब ओक्लाहोमातून परागंदा होते. दुष्काळ, बँक व ट्रॅक्टर यांनी कुळांचा घेतलेला बळी लेखकाने समर्थपणे चित्रित केला आहे. तथापि या कुळांच्या असहायतेला राजकीय पूर्वेतिहासही आहे. १९०७ मध्ये राज्याचा दर्जा मिळताच ओक्लाहोमाच्या विधिमंडळाने आगगाडीत कृष्णवर्णीयांचे डबे वेगळे करणारा कायदा केला. १९१० च्या घटनादुरुस्तीने मतदानासाठी साक्षरतेची अट घातली. मात्र १८६६ पूर्वीच्या मतदारांच्या वंशजांना, म्हणजे प्रायः गोऱ्यांना, सूट दिली. सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद १९१५ मध्ये रद्द ठरविली. १९१७ च्या ‘ग्रीन कॉर्न’ उठावात गोरी, कृष्णवर्णीय आणि मूळ रहिवासी कुळे सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध एकत्र आली. परंतु उठाव चिरडला गेला आणि कुळांचा आधार असलेला समाजवादी पक्षही तेथे मोडून पडला.

मूळ रहिवाशांना मारून जमीन मिळविल्याची कबुली कादंबरीतील कुळे देतात; कृष्णवर्णीय कूळ मात्र पात्र म्हणून कोठेही येत नाही. परिणामी, दुःखितांच्या ज्या एकजुटीची आशा कादंबरी व्यक्त करते, ती ओक्लाहोमात एकदा घडून मोडली होती, हे वाचकास कळत नाही. कादंबरीच्या करुणेचे मोल यामुळे घटत नाही. तिची मर्यादा मात्र स्पष्ट होते.