व्हिडिओ गेमची वर्गणी-सेवा आणि विक्रीमूल्य : एक चिकित्सा

कारंजा लाडसारख्या तालुक्याच्या गावी वाचनालयाची वर्गणी ही संकल्पना नवी नाही. वर्गणीदार पुस्तक वाचून परत करतो. मात्र ते पुस्तक वाचनालयाने आधी विकत घेतलेले असते आणि कपाटात राहते. व्हिडिओ गेमच्या वर्गणी-सेवांना ‘खेळांचे वाचनालय’ संबोधताना नेमका हाच भेद नजरेआड होतो. इतरांनी निर्माण केलेला खेळ सेवाचालक बहुधा मुदतीच्या परवान्यावर घेतो. मुदत सरली की तो यादीतून जातो.

मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये ‘गेम पास’ सुरू केला, तेव्हापासून या सेवेमुळे विक्रीलाही चालना मिळते, असे प्रतिपादन होत आले. तथापि अॅक्टिव्हिजन ब्लिझार्डच्या खरेदीची ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने चौकशी केली, तेव्हा २०२३ मध्ये वेगळेच चित्र पुढे आले. सेवेत समावेश झाल्यानंतरच्या बारा महिन्यांत मूळ खेळाची विक्री घटते, असे कंपनीचेच अंतर्गत विश्लेषण होते. घटीची टक्केवारी मात्र अहवालात झाकलेली होती!

ही घट सर्व खेळांना सारखी जाचत नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी : अॅन एन्शन्ट एपिक’ (२०२०) हे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. २०१७ मध्ये लोकसहभागातून भांडवल उभारण्याचा या संस्थेचा प्रयत्न फसला होता. पुढे हा खेळ ‘गेम पास’मध्येही आला. अशा कथाप्रधान खेळाचा आस्वाद काही तासांतच पूर्ण होतो. जो एका महिन्याच्या वर्गणीत संपतो, तो विकत घेण्याचे प्रयोजन उरत नाही. याउलट वर्षानुवर्षे चालणाऱ्या, खेळाअंतर्गत खरेदीवर पोसलेल्या खेळांना वर्गणीदार म्हणजे नवे गिऱ्हाईकच. अर्थात लहान निर्मात्याला परवान्यापोटी मिळणारी निश्चित रक्कम विक्रीच्या अनिश्चिततेपेक्षा आश्वासक वाटते, हेही नाकारता येत नाही.

किंमतीबाबतचा स्वस्ताईचा युक्तिवाद अधिकच दुबळा आहे. वर्गणी-सेवांच्या याच काळात, २०२० पासून, मोठ्या खेळांची अमेरिकेतील किंमत ६० वरून ७० डॉलरवर गेली. भारतात प्लेस्टेशन ५ चे मोठे खेळ ४,९९९ रुपयांना आले. ‘गेम पास अल्टिमेट’ची २०१९ मधील १४.९९ डॉलर मासिक वर्गणी ऑक्टोबर २०२५ मध्ये २९.९९ डॉलर झाली. ती थांबविणाऱ्याच्या हाती, वर्षानुवर्षे पैसे भरूनही, त्या यादीतील एकही खेळ राहत नाही.