'देशी' रोपांच्या यादीत काय नसते?

पावसाळा तोंडावर आला की रोपवाटिकांच्या याद्या शाळाशाळांतून फिरू लागतात. अलीकडे त्यांत 'देशी झाडे' असा वेगळा रकाना असतो. एके काळी याच कागदावर गुलमोहर, निलगिरी, गिरिपुष्प आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची गर्दी असे. तेव्हा देशी झाडांना गिऱ्हाईक मिळू लागले हे चांगलेच झाले. परंतु पुस्तकाचे परीक्षण करावे तशा या याद्या वाचल्या, तर 'देशी' हा शब्द माहिती देण्याऐवजी माहितीची जागा अडवून बसला आहे, असे आम्हांला वाटते. यादीत साधारणपणे तीनच गोष्टी असतात : नाव, उंची आणि भाव.

आधी नाव पाहू. 'अशोक' मागवला, तर हाती बहुधा कुंपणाकडेला खांबासारखे सरळ वाढणारे, लहरी कडांच्या लांब पानांचे झाड येते. हा आसुपालव, म्हणजेच खोटा अशोक. तो सीताफळाच्या कुळातला. फुले हिरवट, फळे जांभळासारखी काळसर. खरा सीताअशोक शेंगांच्या कुळातला आहे. त्याचे पान संयुक्त असते, कोवळेपणी तांबूस आणि लोंबते. फुले केशरी, पुढे लाल होत जाणारी, गुच्छागुच्छांनी फांद्यांवरच येतात. दोन्हींची एकेक डहाळी वर्गात आणली तर साधे पान आणि संयुक्त पान हा धडा फळ्याशिवाय होतो! आता आसुपालवही दक्षिण भारत आणि श्रीलंकेतलाच, त्यामुळे त्याला देशी म्हणणारा खोटे बोलत नाही. पण अशोकारिष्टासारख्या औषधांसाठी साल ओरबाडली गेल्यामुळे रानातला सीताअशोक विरळ होत चालला आहे आणि बाजारातील त्याच्या सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ वारंवार आढळली आहे. ज्या झाडाची लागवड खरोखर हवी, त्याच्या नावावर दुसरेच खपते. नावापुढे 'साराका असोका' एवढे दोन शब्द छापले, तर हा गोंधळ राहणार नाही.

आमची मोठी तक्रार मात्र उंचीबद्दल आहे, कारण भाव बहुतेक वेळा उंचीवर ठरतो. गिरिपुष्प पहिल्याच वर्षात भराभर वर जाते. हिरड्याच्या बीचे कवच कठीण. ते उशिरा रुजते, सगळे रुजतही नाही आणि रोप सावकाश वाढते. तेवढा काळ नर्सरीवाल्याने जागा द्यायची, पाणी घालायचे, तण काढायचे आणि शेवटी गिऱ्हाइकाने म्हणायचे, "एवढेसे रोप, आणि हा भाव?" फुटावर भाव करणारा बाजार सावकाश वाढणाऱ्या झाडांना शिक्षाच करतो. यात दोष एकट्या नर्सरीवाल्याचा नाही. शिवाय उंच रोप म्हणजे चांगले रोप असेही नाही. लहान पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाची मुळे तळाशी गोल गोल फिरतात. ती तशीच लावली तर वेटोळे पुढेही सुटत नाही आणि मोठे झालेले झाड वाऱ्यात उन्मळते. म्हणून रोप घेताना माथ्याकडे पाहण्याआधी पिशवीच्या तळाकडे पाहावे.

यादीत मुळीच नसलेली गोष्ट म्हणजे बी कुठले. आपल्या भाषेत 'देश' म्हणजे घाटावरचा मुलूखही होतो. त्या अर्थाने पाहिले तर कोकणातला रातांबा सोलापूरच्या माळावर देशी कसा? भारताच्या सीमेत उगवणारे ते सर्वत्र देशी, हा हिशेब नकाशाचा आहे, पावसाचा आणि मातीचा नाही.

याच रातांब्याचे, म्हणजे कोकमाचे, उदाहरण पुढे नेऊ. त्याची नर आणि मादी झाडे साधारणपणे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांतली सुमारे निम्मी नर निघतात, आणि ते कळते काही वर्षांनी फुले आल्यावर. शेतकऱ्याला हे परवडणारे नाही. म्हणून मादी झाडाच्या काडीची कलमे करतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण अमृता' ही जात अशीच कलमांनी वाढवतात. बागेसाठी हे योग्यच. परागासाठी थोडी नर झाडे ठेवली की झाले. पण देवराईच्या कडेला किंवा शाळेमागच्या टेकडीवर एकाच झाडाची शंभर कलमे लावणे म्हणजे एकच झाड शंभर ठिकाणी उभे करणे होय. एखादा रोग त्यातल्या एकाला मानवला नाही, तर तो उरलेल्या नव्व्याण्णवांनाही मानवणार नाही. म्हणून 'कलमी' की 'बियांचे' हे यादीत लिहिलेच पाहिजे.

मागणीची रीतही इथे तपासावी लागेल. राज्य शासनाच्या वृक्षलागवडीचे उद्दिष्ट २०१६ मध्ये २ कोटी होते. ते ४ आणि १३ कोटींवरून २०१९ मध्ये ३३ कोटींवर गेले. ठरल्या तारखेला एवढी रोपे हवीत म्हटल्यावर साठवता येणारे बी सोयीचे ठरते. बहाव्याचे टणक बी वर्षानुवर्षे टिकते. जांभळाचे बी ओलसर असते, ते सुकले की मेले. कडुनिंबाचेही बी फार दिवस तग धरत नाही. मोहाची तीच कथा. या झाडांची रोपे फळे पडतात त्याच सुमारास पिशवीत टोचलेल्या बियांतूनच मिळतात. कोठारातून काढून ती फेब्रुवारीत करता येत नाहीत.

शाळेला हे जमण्यासारखे आहे. जून-जुलैत जांभळे खाऊन झाली की बिया धुऊन त्याच आठवड्यात खोल पिशव्यांत लावाव्यात आणि पिशवीवर तीन गोष्टी लिहाव्यात : झाडाचे नाव, बी कोणत्या गावच्या झाडाचे, पेरणीची तारीख. पुढच्या वर्षी रोपवाटिकेची यादी आली की हेच तीन रकाने त्यांच्याकडेही मागावेत.